अकरा वेळा सांगोला : गणपतराव देशमुख यांची विधानसभा कारकीर्द

महाराष्ट्र विधानसभेवर सर्वाधिक वेळा निवडून येण्याचा विक्रम शेतकरी कामगार पक्षाचे नेते गणपतराव देशमुख यांच्या नावावर आहे. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला या एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाची उमेदवारी घेऊन ते ११ वेळा आमदार झाले. १९६२ ते २०१४ या काळात त्यांनी पोटनिवडणूक धरून १३ लढती दिल्या. त्यांपैकी १९७२ आणि १९९५ या दोनच त्यांनी गमावल्या. सभागृहातील त्यांच्या प्रत्यक्ष सदस्यत्वाचा काळ जवळपास ५० वर्षांचा भरतो. ३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे वयाच्या पंचाण्णव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या विक्रमाविषयी बोलताना तमिळनाडूचे एम. करुणानिधी यांचे नाव हटकून घेतले जाते. करुणानिधी १३ वेळा विधानसभेवर निवडून गेले आणि एकदाही पराभूत झाले नाहीत. मात्र त्यांनी कुळितलै, तंजावूर, सैदापेठ, अण्णानगर, हार्बर, चेपॉक, तिरुवारूर असे मतदारसंघ बदलले. केरळमधील पाला येथून के. एम. माणी १३ वेळा, तर पुदुपल्ली येथून ओमन चांडी १२ वेळा विजयी झाले. तेव्हा एकाच मतदारसंघातून सर्वाधिक विजय हा देशातील विक्रम देशमुख यांचा, असे जे अनेकदा छापले गेले ते खरे नव्हे. पण माणी यांच्या पक्षाची किती शकले झाली आणि त्यांपैकी कितींचे नेतृत्व खुद्द त्यांनीच केले, हे पाहिले म्हणजे देशमुख यांचे वेगळेपण ध्यानात येते. ज्या पक्षाच्या बिल्ल्यावर ते १९६२ मध्ये निवडून आले, त्याच पक्षाचे आमदार म्हणून ते २०१९ मध्ये निवृत्त झाले. मधल्या काळात तो पक्ष राज्यातील प्रमुख विरोधी पक्षापासून तीन आमदारांच्या गटापर्यंत आक्रसला होता.

देशमुख यांचे मूळ गाव मोहोळ तालुक्यातील पेनूर. कायद्याचे शिक्षण त्यांनी पुण्यात घेतले आणि तेथेच ते शेतकरी कामगार पक्षाच्या विचारांकडे ओढले गेले. वकिलीची सनद मिळाल्यावर त्यांनी सांगोला गाठले. त्या काळातील तालुक्याच्या गावी वकिलाकडे येणारा पक्षकार हा बहुतेक वेळा कर्जात बुडालेला शेतकरी किंवा कूळकायद्याच्या कचाट्यात सापडलेला कूळ असे. राजकारणासाठी याहून चांगली शाळा नव्हती. पक्षातील रिवाजाप्रमाणे नावामागे ‘भाई’ लागले आणि पुढे तालुक्याने त्यांना ‘आबासाहेब’ केले. ही दोन्ही संबोधने अखेरपर्यंत टिकली. एक मुंबईत आणि सभासंमेलनांत, दुसरे गावाकडे.

शेतकरी कामगार पक्षाची स्थापना १९४७ मध्ये झाली. केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी काँग्रेसमधील बहुजन समाजाच्या नेत्यांनी बाहेर पडून काढलेला हा पक्ष. १९५० च्या दाभाडी येथील अधिवेशनात पक्षाने मार्क्सवादाचा अधिकृत स्वीकार केला. त्या प्रबंधावरून पक्षात फाटाफूट झाली. खुद्द जेधे आणि मोरे काही वर्षांत काँग्रेसमध्ये परतले. उरलेल्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात झोकून दिले आणि १९५७ च्या निवडणुकीत समितीच्या झेंड्याखाली मोठे यश मिळविले. पण राज्य स्थापन होताच समिती विसविशीत झाली. १९६२ ची निवडणूक ही महाराष्ट्र राज्याची पहिली विधानसभा निवडणूक. यशवंतराव चव्हाण यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. शेकापच्या वाट्याला १५ जागा आल्या आणि तेवढ्यावरही तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले. त्या १५ जणांत सांगोल्याचे तरुण वकील होते.

लाटेच्या उलट

देशमुख यांच्या निवडणुकांचा आलेख राज्याच्या आलेखाशी ताडून पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. राज्यात जे वारे वाहते त्याची दिशा सांगोल्यात क्वचितच ओळखू येते. १९६२ मध्ये काँग्रेसची लाट असताना ते प्रथम निवडून आले. १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसने २८८ पैकी १८६ जागा मिळविल्या तेव्हा शेकापचे नऊच आमदार उरले, त्यांत ते होते. २०१४ मध्ये भारतीय जनता पक्षाने स्वबळावर १२२ जागा घेतल्या आणि मोठमोठ्या घराण्यांचे बालेकिल्ले ढासळले, तेव्हा हे वयोवृद्ध गृहस्थ सुमारे २५ हजार मतांनी विजयी झाले. उलट, १९९५ मध्ये काँग्रेसची राज्यभर धूळधाण होऊन ती ८० जागांवर आली आणि शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले, त्या वर्षी सांगोल्यात देशमुख यांना काँग्रेसच्याच उमेदवाराने हरविले.

याला अपवाद १९७२ चा. बांगलादेश युद्धातील विजयानंतर झालेल्या त्या निवडणुकीत काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या. १९६७ मध्ये १९ आमदार असलेल्या शेकापचे सातच उरले. सांगोल्यात काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील विजयी झाले. पुढची दोन वर्षे देशमुख सभागृहाबाहेर होते, आणि नेमका हाच काळ महाराष्ट्रातील भीषण दुष्काळाचा होता. सोलापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांच्या पूर्व भागात माणसे खडी फोडण्याच्या कामावर होती. जनावरे छावण्यांत होती. कामांची मागणी, मजुरीचे दर, आठवड्याच्या आठवड्याला पगार, हे त्या काळातील विरोधी पक्षांच्या आंदोलनांचे विषय होते. १९७४ मध्ये सांगोल्यात पोटनिवडणूक झाली आणि देशमुख पुन्हा आमदार झाले. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० असे सलग विजय त्यांनी मिळविले.

१९७७ मध्ये त्यांच्याकडे विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपद आले. त्यापूर्वी ते शेकापचेच दि. बा. पाटील यांच्याकडे होते. पाटील त्या वर्षी लोकसभेवर निवडून गेले. फेब्रुवारी १९७८ च्या निवडणुकीपर्यंत देशमुख त्या पदावर राहिले. त्या निवडणुकीत शेकापला १३ जागा मिळाल्या. दोन काँग्रेसचे मिळून आलेले वसंतदादा पाटील यांचे सरकार जुलैमध्ये शरद पवार यांनी पाडले आणि १८ जुलै १९७८ रोजी पुरोगामी लोकशाही दलाचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले. शेकाप या आघाडीत होता. देशमुख प्रथमच मंत्री झाले. १७ फेब्रुवारी १९८० रोजी केंद्राने हे सरकार बरखास्त केले. ‘पुलोद’चा हा प्रयोग दीड वर्षाचा, पण पवार आणि शेकाप यांच्यातील संबंधांची वीण तेव्हापासूनची आहे आणि पुढच्या चाळीस वर्षांत ती अनेकदा उसवली, अनेकदा शिवली गेली.

पाण्याचे राजकारण

सांगोला हा माणदेशाचा भाग. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या पट्ट्यात वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. माण नदी तालुक्यातून वाहते असे म्हणायचे, एरवी वर्षातील बराच काळ ती वाळूची असते. खिलार जनावरे, मेंढरे, ज्वारी-बाजरी आणि जगायला बाहेर पडणारी माणसे ही इथली जुनी ओळख. सांगोल्याचा जनावरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. लगतच्या माळशिरस, पंढरपूर तालुक्यांच्या काही भागांत कालव्यांमुळे ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले आणि कारखान्यांबरोबर त्यांचे राजकारण आले. सांगोला नीरा उजव्या कालव्याच्या शेपटाला. शेपटाकडील शेतकऱ्याला पाण्याची पाळी कधी मिळते आणि कधी मिळत नाही, हे कालव्यावर राहणाऱ्याला सांगायला नको.

अशा तालुक्याच्या आमदाराने कशासाठी भांडावे याचे उत्तर ठरलेले होते. प्रश्न होता पाणी कोठून आणायचे हा. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत आयोगाने, महाराष्ट्राला ५६० टीएमसी पाणी वापरण्याची मुभा दिली होती आणि या निवाड्याच्या फेरविचारासाठी मे २००० ही मुदत होती. तोवर आपल्या वाट्याचे पाणी अडविले नाही तर हक्क कमकुवत होणार, ही भीती साऱ्या पश्चिम महाराष्ट्राला होती. पण अडविलेले पाणी जाणार कोणाला? नदीकाठच्या उसाला की घाटमाथ्यापलीकडच्या दुष्काळी शेताला? नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी आटपाडी येथून पाणी संघर्ष चळवळ उभी राहिली, ती या प्रश्नावर. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख ही तिच्या नेतृत्वातील प्रमुख नावे. सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतील १३ दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. मागणी साधी वाटणारी पण मुळावर घाव घालणारी होती : पाणी जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, तर कुटुंबागणिक वाटावे. पाण्यावरचा हक्क केवळ जमीनमालकाचा नाही, भूमिहीनाचाही आहे, असे ही चळवळ म्हणत होती. साखर कारखानदारीवर उभ्या असलेल्या राजकारणात हे बोलणे सोपे नव्हते.

१९९६ मध्ये युती सरकारने महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन केले. कर्जरोखे काढून पैसा उभा राहिला, टेंभू उपसा सिंचन योजनेचे काम सुरू झाले. कराडजवळचे टेंभू हे गाव गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक होते. माणदेशाला ते आता कृष्णेचे पाणी जेथून उचलले जाते ते ठिकाण म्हणून ठाऊक झाले. टप्प्याटप्प्याने पंप लावून पाणी वर चढवायचे आणि कडेगाव, खानापूर, आटपाडी करीत ते सांगोल्यापर्यंत न्यायचे, अशी ही योजना. टेंभूच्या वाटेवर सांगोला पुन्हा शेवटाला आला. निधी आटला की काम थांबे. पंप तयार झाले की विजेच्या बिलाचा प्रश्न पुढे येई. विधानसभेच्या कामकाजात देशमुख यांचे प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि अर्थसंकल्पावरील भाषणे या एका विषयाभोवती कित्येक वर्षे फिरत राहिली. मंत्री बदलत, प्रश्न तोच राही.

येथे त्यांच्यावरील टीकेचीही दखल घ्यावी लागते. पन्नास वर्षे एकाच माणसाला निवडून देऊन तालुक्याला काय मिळाले, असा सवाल विरोधक प्रत्येक निवडणुकीत करीत. सत्ताधारी पक्षाचा आमदार असता तर पाणी दहा-वीस वर्षे आधी आले असते, हा त्यांचा युक्तिवाद. त्यात तथ्य अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात सिंचनाचा पैसा कोणत्या तालुक्यांकडे वळला हे पाहिले तर पाण्याचा उतार सत्तेच्या दिशेने असतो हे दिसून येतेच. मात्र शेजारच्या अनेक दुष्काळी तालुक्यांनी सातत्याने काँग्रेसचे आमदार दिले आणि त्यांनाही याच काळात, याच क्रमाने वाट पाहावी लागली, हेही तितकेच खरे. पिण्याच्या पाण्यासाठीची शिरभावी प्रादेशिक योजना हे देशमुख यांच्या पाठपुराव्याचे ठोस फलित. भीमेचे पाणी नळाने ऐंशीच्या आसपास गावांना देणारी ही योजना टंचाईच्या उन्हाळ्यांत तालुक्याचा आधार ठरली.

पाणी येईपर्यंत तालुका थांबून राहिला नाही. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली आणि कमी पाण्यावर येणाऱ्या डाळिंबाने सांगोल्याचे रूप पालटले. माळरानावर खड्डे घेऊन, विहिरीचे असेल तेवढे पाणी ठिबकने देऊन शेतकऱ्यांनी बागा उभ्या केल्या. सांगोल्याचे डाळिंब देशभरात आणि परदेशात जाऊ लागले. पुढे तेलकट डाग रोगाने आणि नंतर खोडाला पोखरणाऱ्या किडीने या बागांचे अतोनात नुकसान केले, तो वेगळा विषय. पण ज्या तालुक्यातील माणूस मुंबईच्या गोदीत आणि गिरणीत कामाला जात असे, तेथे शेतमजुरीसाठी बाहेरून माणसे येऊ लागली, हा बदल लहान नव्हता.

सहकारात देशमुख यांनी सूतगिरणीची वाट धरली. सोलापूर जिल्ह्यात सहकार म्हणजे साखर कारखाना, आणि कारखाना म्हणजे आमदारकी, असे समीकरण असताना सांगोल्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली. राज्यातील सहकारी सूतगिरण्यांची पुढे जी दशा झाली, त्या पार्श्वभूमीवर ही गिरणी चालू राहिली आणि तिच्या कारभाराचे दाखले दिले गेले. गिरणी जिवंत ठेवणे हेच अनेकांच्या लेखी देशमुख यांचे सर्वांत अवघड काम होते; निवडणूक जिंकणे त्यामानाने सोपे.

१९२ मते

१९९५ च्या निवडणुकीत काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी देशमुख यांचा १९२ मतांनी पराभव केला. दोन उमेदवारांमध्ये एवढा फरक म्हणजे एखाद्या वाडीने मन बदलल्याचा परिणाम. पण तो पराभव देशमुख यांना साडेचार वर्षे सभागृहाबाहेर ठेवण्यास पुरेसा ठरला. या लढतीतून सांगोल्याच्या राजकारणाचा पुढील पाव शतकाचा साचा तयार झाला. शहाजीबापू पाटील यानंतर वारंवार देशमुख यांच्यासमोर उभे राहिले, आधी काँग्रेसकडून, २०१४ मध्ये शिवसेनेकडून, आणि देशमुख निवृत्त होईपर्यंत त्यांना दुसरा विजय मिळाला नाही. तालुक्यात धनगर समाजाची संख्या लक्षणीय आहे आणि देशमुख त्याच समाजाचे, हा मुद्दा विश्लेषक नेहमी मांडतात. तो चुकीचा नाही, पण पुरेसाही नाही. केवळ जातीच्या गणितावर कोणी अकरा वेळा निवडून येत नाही. तसे असते तर १९७२ आणि १९९५ चे निकाल लागलेच नसते.

त्यांच्या प्रचाराची पद्धत साधी होती. कार्यकर्ते घरची भाकरी बांधून फिरत, निवडणुकीसाठी गावागावांतून वर्गणी गोळा होई. आमदार एसटीने प्रवास करतात, ही गोष्ट सांगोल्यात कोणाला बातमी वाटत नसे. ती बातमी झाली मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत, तीही ते ऐंशीच्या घरात पोचल्यावर. साधेपणाच्या या वर्णनांनी त्यांच्याविषयीचे लिखाण इतके व्यापले आहे की, नियमावलीवरची पकड, अर्थसंकल्पातील आकडे मुखोद्गत असणे आणि मंत्र्याला उत्तर देण्यास भाग पाडणारा उपप्रश्न विचारण्याची हातोटी हे त्यांचे संसदीय गुण मागे पडले. सभागृहातील ज्येष्ठ सदस्य म्हणून हंगामी अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले होते. आरडाओरड न करता बोलणारा सदस्य म्हणून सर्व पक्षांत त्यांच्याविषयी आदर होता. सदस्य उभा राहिला की सभागृह शांत होते, असे भाग्य आता फार थोड्यांच्या वाट्याला येते.

दुसरे मंत्रिपद

१९९९ मध्ये ते पुन्हा निवडून आले. त्या निवडणुकीत काँग्रेसला ७५ आणि नव्याने स्थापन झालेल्या राष्ट्रवादी काँग्रेसला ५८ जागा मिळाल्या. दोघांची बेरीज १३३. बहुमताला १४५ हवे. अशा वेळी शेकापच्या पाच आमदारांना अचानक मोल आले. १८ ऑक्टोबर १९९९ रोजी विलासराव देशमुख यांच्या नेतृत्वाखाली लोकशाही आघाडीचे सरकार आले. त्यात गणपतराव देशमुख यांना पणन आणि रोजगार हमी ही खाती मिळाली. पक्षाच्या मीनाक्षी पाटील राज्यमंत्री झाल्या.

रोजगार हमी खाते त्यांच्याकडे येणे यात एक औचित्य होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या आणि १९७२ च्या दुष्काळात राज्यभर विस्तारलेल्या या योजनेला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळाले होते. हा कायदा करणाऱ्या सभागृहात देशमुख विरोधी बाकांवर होते. ज्या तालुक्यातील निम्मी पिढी या योजनेच्या हजेरीपटावर होती, त्या तालुक्याचा आमदार वीस वर्षांनी तिचा मंत्री झाला.

हे मंत्रिपद पूर्ण मुदतीचे ठरले नाही. २००२ मध्ये रायगड जिल्ह्यात शेकाप आणि राष्ट्रवादी यांच्यात जिल्हा परिषदेच्या सत्तेवरून कडवट संघर्ष पेटला. अलिबाग, पेण, पनवेल हा शेकापचा खरा बालेकिल्ला. तेथे मित्रपक्षच गळा आवळतो आहे, अशी पक्षाची भावना झाली आणि त्याने सरकारचा पाठिंबा काढून घेतला. देशमुख यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या जूनमध्ये विलासराव देशमुख सरकारला विश्वासदर्शक ठरावाला सामोरे जावे लागले. आमदारांना राज्याबाहेरच्या हॉटेलांत नेऊन ठेवण्याचे प्रकार महाराष्ट्राने तेव्हा पाहिले. सरकार तरले. गणपतराव देशमुख पुन्हा कधी मंत्री झाले नाहीत.

या राजीनाम्याची दुसरी बाजूही आहे. भांडण रायगडचे होते, सांगोल्याचे नव्हे. सोलापूर जिल्ह्यात राष्ट्रवादीशी जमवून घेणे देशमुख यांना सोयीचे होते, आणि तालुक्याच्या पाण्यासाठी मंत्रालयात खुर्ची असणे तर फारच सोयीचे. अशा प्रसंगी पक्ष सोडून सत्तेत राहणारे आमदार महाराष्ट्राला नवे नाहीत. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याच्या आधी आणि नंतरही त्याला वाटा सापडल्या. देशमुख यांनी पक्षाचा निर्णय मानला. त्याची किंमत काही अंशी त्यांच्या मतदारांनी मोजली, आणि तरीही २००४ मध्ये त्याच मतदारांनी त्यांना परत पाठविले. त्या वर्षी राज्यात शेकापचे अवघे दोन आमदार निवडून आले होते. त्यांतील एक सांगोल्याचा.

२००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत सांगोल्यात संपूर्ण सांगोला तालुक्यासह पंढरपूर तालुक्यातील भाळवणी मंडळ आले आणि हा मतदारसंघ नव्या माढा लोकसभा मतदारसंघाला जोडला गेला. २००९ मध्ये तेथून स्वतः शरद पवार लोकसभेवर गेले. त्याच वर्षी देशमुख दहाव्यांदा विधानसभेत पोचले. २०१२ मध्ये त्यांच्या संसदीय कारकिर्दीची पन्नास वर्षे झाली, तेव्हा सर्वपक्षीय नेत्यांच्या उपस्थितीत त्यांचा गौरव करण्यात आला. २०१४ चा विजय अकरावा. १९६२ मध्ये कागदी मतपत्रिकेवर शिक्का मारून ज्यांनी त्यांना निवडून दिले, त्यांची नातवंडे आता यंत्रावरचे बटण दाबत होती. मतदानाचे वय मधल्या काळात २१ वरून १८ वर आले होते. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना सभागृहात आलेले देशमुख देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री असताना तेथेच होते. फडणवीस यांचा जन्म १९७० चा, देशमुख यांच्या पहिल्या विजयानंतर आठ वर्षांनी.

७६८ मते

२०१९ मध्ये वयोमानामुळे त्यांनी निवडणूक न लढविण्याचे ठरविले. वारसाचा प्रश्न त्यांनी आयुष्यभर टाळला होता, तो अखेरीस घाईने सोडवावा लागला. उमेदवारीवरून पक्षात घोळ झाला आणि शेवटी त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख रिंगणात उतरले. घराणेशाहीवर टीका करीत आलेल्या पक्षाला आपल्या सर्वांत भक्कम जागेसाठी घरातलेच नाव शोधावे लागावे, ही शेकापच्या क्षीणतेची खूण होती. शिवसेनेचे शहाजीबापू पाटील ७६८ मतांनी विजयी झाले. दोन दशके पराभव पाहिलेल्या पाटील यांनी सांगोला दुसऱ्यांदा जिंकले, तेही देशमुख रिंगणात नसताना. दोन्ही वेळचा फरक मिळून हजारही भरत नाही. २०२२ च्या सत्तांतरात ते एकनाथ शिंदे यांच्या गटाबरोबर गुवाहाटीला गेले आणि तेथून कार्यकर्त्याशी फोनवर माणदेशी बोलीत केलेल्या झाडी-डोंगराच्या वर्णनाने रातोरात घरोघरी पोचले. सांगोला हे नाव देशातील अनेकांनी प्रथम ऐकले ते त्या फोनमुळे. पन्नास वर्षांच्या संसदीय कामाने जे झाले नाही ते एका मिनिटाच्या ध्वनिफितीने केले. काळाचा महिमा म्हणायचा.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत महाविकास आघाडीने ही जागा शेकापला सोडली नाही. ती शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाकडे गेली आणि दीपक साळुंखे-पाटील उमेदवार झाले. शेकापने गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांना स्वतंत्रपणे उभे केले. तिरंगी लढतीत महायुतीची लाट राज्यभर असताना त्यांनी शहाजीबापू पाटील यांचा २५ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. रायगडसह अन्यत्र पक्षाचे सर्व उमेदवार पडले. त्यामुळे १९६२ मध्ये १५ आमदारांनिशी महाराष्ट्राचा पहिला प्रमुख विरोधी पक्ष ठरलेल्या शेतकरी कामगार पक्षाचे २०२४ च्या विधानसभेत एकच सदस्य निवडून आले, आणि ते सांगोल्याचे.

अकरा विजयांचा विक्रम मोडण्याच्या जवळपास सध्या कोणी नाही. मुंबईत १९९० पासून शिवसेना, काँग्रेस आणि भाजप अशा तीन पक्षांकडून लढलेले कालिदास कोळंबकर २०२४ मध्ये नवव्यांदा विजयी झाले आणि नव्या सभागृहाचे हंगामी अध्यक्ष झाले.